चोवीस पेट्या बाद

बादशहा : आवं अण्णा, मघापासनं तुमी भोपळ्याकडंच बघाय लागलाय. तंबोरा घ्यायचा असंल तर सरळ म्हणा की. दुकान मेव्हण्याचं हाय, म्या हितं घरी त्येचं भोपळं कोरतो, तुमास्नी कमीजास्त करंल त्यो.

अनंत : तंबोरा नको रे. आमच्या घरात गातंय कोण!

बादशहा : मग साताऱ्यास्नं मिरजेला काय भोपळं बगाय आलासा?

अनंत : डेपोच्या कामाला आलो. स्टेशनापलीकडचा आपला डेपो बंद होतोय, बादशहा. हा मार्च संपला की कुलूप. लढाईचा सगळा शिल्लक माल निघाला. तंबू गेले, बूट गेले, पाण्याच्या बाटल्यासुद्धा गेल्या. आता टेबलं-खुर्च्या तेवढ्या राहिल्यात.

बादशहा : झालं म्हणायचं येकदाचं! बूट कुणी घेतलं?

अनंत : सांगलीच्या एका व्यापाऱ्यानं. घरी नेऊन पोती सोडली, तर सगळे डाव्या पायाचे. उजव्या पायाचे कऱ्हाडच्या माणसानं घेतलेल्या ढिगात.

बादशहा : अगाय! मग आता दोगं येकमेकाच्या दारात बसलं असत्याल. बसू द्या. तुमी सरकून बसा, भोपळ्याच्या बिया उडत्यात धोतरावर.

रहिमतबी : आवं अण्णा, त्याला सांगा, च्या झालाय. कप घिऊन जा म्हणावं.

अनंत : मावशी, तो इथंच बसलाय की माझ्याशेजारी.

रहिमतबी : म्हाईत हाय मला. पोटचा हाय माज्या. तुमी सांगा.

अनंत : बादशहा, चहा झालाय म्हणते आई.

बादशहा : अम्माला म्हणावं, हात घाण हायत. हितंच आणून ठिव.

अनंत : हे काय चाललंय तुमचं?

बादशहा : बोलत न्हाई ती माज्यासंगं. सव्वा वरीस झालं. घरात कोण नसलं तर मांजराला सांगती. 'मांजरा, त्याला सांग, पीठ संपलंय.' मांजर बी बिचारं माज्या तोंडाकडं बगतं.

अनंत : सव्वा वर्ष. म्हणजे अल्लाबक्ष घरातनं गेला तेव्हापासनं.

बादशहा : त्याचं नाव काढू नका हितं.

रहिमतबी : काढा अण्णा, काढा! माज्या धाकट्याचं नाव काढाय माज्या घरात कुणाची परवानगी लागत न्हाई. अल्लाबक्ष! अल्लाबक्ष! झालं? हा घ्या च्या. दूध कमी हाय, गोड मानून घ्या.

अनंत : ठेवा मावशी. ते नाव काढायलाच आलोय मी.

बादशहा : म्हंजी?

अनंत : डेपो बंद करताना एक शेवटचा कागद पुण्याच्या कचेरीला जातो. जो माल यादीत होता आणि लिलावात निघाला नाही, तो कुठं गेला ते लिहायचं. नगापुढं कारण. बाकी सगळं भरून झालं. एकच रकाना कोरा आहे. चांगली कांबळी, चोवीस पेट्या.

बादशहा : त्यात कोरं ठेवण्याजोगं काय हाय? साऱ्या मिरजेला पाठ हाय ते.

अनंत : साहेब पण तेच म्हणाला. 'चौकीदाराने चोरी केली' असं लिही आणि सही ठोक.

बादशहा : मग लिवा की! त्यासाठनं गाडीभाडं घालून आलासा? तीन म्हैने आत बसून आलो. चौकीदारी गेली. बाजारात गेलो की मागनं म्हणत्यात, 'कांबळंवालं आलं बगा.' लढाईत बर्म्यापतूर गेलो, त्येचं कुणाला न्हाई काय. तुमी आता लिवलं, न लिवलं, मला त्याचं काय?

अनंत : तू चोरी केलीस का?

बादशहा : आता तुमीच इच्यारताय व्हय? त्या दिशी साहेबाला सांगितलं तेच. किल्ली माज्याकडं हुती. जबाबदारी माजी.

अनंत : हे उत्तर नव्हे.

बादशहा : तेवढंच हाय माज्याकडं. अण्णा, हात जोडतो. खपली धरलीया, आता उकरू नका.

अनंत : तुला वाटतंय अल्लाबक्षनं पेट्या विकल्या. तू सांगलीला गेलास त्या दिवशी दारावर तुझ्या जागी तोच होता. म्हणून तू त्याचं नाव घेतलं नाहीस, स्वतः आत गेलास.

रहिमतबी : काय म्हणालासा?

बादशहा : अण्णा, गप बसा! अम्मा, तू आत जा.

रहिमतबी : अण्णा, त्याला सांगा, मी कुठं बी जाणार न्हाई. आन् तुमी काय म्हणालासा ते फिरून म्हणा.

अनंत : म्हणतो. पण त्याआधी दुसरं सांगायचंय, ते सांगू द्या, नाहीतर मला पुन्हा जमायचं नाही. बादशहा, चोरी झालीच नाही.

बादशहा : मग चोवीस पेट्यांस्नी काय पाय फुटलं?

अनंत : जळल्या त्या. मी जाळल्या.

बादशहा : तुमी?

अनंत : खरजेच्या पेट्या जाळल्या ना आपण डेपोमागच्या खड्ड्यात? छावणीच्या इस्पितळातली कांबळी, चाळीस पेट्या?

बादशहा : व्हय. ती जाळायचा हुकूमच हुता डाक्टरचा.

अनंत : त्यांच्याबरोबर तुझ्या चोवीसही गेल्या.

बादशहा : कशा जात्याल? काय बी बोलताय! खरजेच्या मागं, पार भिताडाला लावल्या हुत्या. वर लाल फुल्या डाक्टरच्या. माज्या पुढल्या वळीत. येक येक पेटी म्या सोता उघडली. कांबळं अन् कांबळं झाडलं, कसर बगितली, लिंबाचा पाला घातला, वरनं खिळं ठोकलं. चांगला माल त्यो, लिलावाचा. आन् कुणाला वळखाय यावं म्हणून वर खडूनं खूण केली.

अनंत : कसली खूण?

बादशहा : साहेबाला बी सांगितलं हुतं की तवा. माजं नाव घातलं हुतं.

अनंत : सगळं नाव?

बादशहा : सगळं कुठनं येतंय! तुमीच शिकवाय लागला हुता की, दुपारच्या सुट्टीत, पाटीवर. बा झाला, द झाला. शहा ऱ्हायलं. त्या श ची गाठ मला काय सुटंना. तुमी म्हणालासा, आता फुडच्या हप्त्यात बगू. आन् तुमास्नी हिवताप आला, तुमी वाईला घरी गेलासा धा-बारा दिस. म्या म्हणलं, अण्णा माघारी येत्याल, पेट्या बगत्याल, म्हणत्याल, आपल्या बादशानं लिवलंय. जेवढं येतंय तेवढं लिवलं. चोवीस बार लिवलं. येक बी अक्षर वाकडं न्हाई.

अनंत : नव्हतंच वाकडं.

बादशहा : मग?

अनंत : जे लिहिलंस ते मोठ्यानं वाच.

बादशहा : वाचायचं काय त्यात? बा. द.

अनंत : एकत्र.

बादशहा : बाद.

(बादशहा हातातला भोपळा खाली ठेवतो.)

रहिमतबी : काय झालं? आरं, काय झालं, मला कुणी सांगंल का न्हाई? मला लिवावाचाय येत न्हाई!

अनंत : मावशी, सरकारी मालात जे टाकाऊ निघतं, फेकायचं किंवा जाळायचं, त्याला आम्ही कारकून 'बाद' म्हणतो. बाद तंबू, बाद बूट. ह्यानं स्वतःचं नाव लिहिलं, आणि मी ते बाद वाचलं.

रहिमतबी : या अल्ला.

अनंत : तापातून उठून आलो त्याच दिवशी जाळायचं होतं. ह्याला लिलावाच्या नोटिसा देऊन सांगलीला पाठवलेलं. साहेब मोटारीत बसूनच हुकूम देत होता, त्याचं विलायतेच्या बोटीचं तिकीट निघालेलं, सगळं उरकायची घाई. खरजेच्या पेट्या उघडायच्या नाहीत, तशाच रॉकेल ओतून पेटवायच्या, असा हुकूम. मी आत गेलो तर पुढच्याच ओळीत स्वच्छ अक्षरात बाद, बाद, बाद. मी म्हटलं, बरं झालं, कुणीतरी खुणा करून ठेवल्यात. हमालांना सांगितलं, ह्या घ्या. मागच्या फुल्यांच्या होत्या, त्याही घेतल्या.

बादशहा : आन् आकडा, अण्णा? आकड्याला तर तुमी वाघ. येक बादली कमी निघाली तर आमास्नी दुपारची भाकर खाऊ देत न्हवतासा!

अनंत : आकडा चुकला. चाळीस हव्या होत्या, चौसष्ट निघाल्या. मला वाटलं, मी नसताना डॉक्टरनं आणखी काढल्या असतील. विचारायचं होतं एका माणसाला. नाही विचारलं. अंगात कणकण होती, घरी जायचं होतं. माझ्या कच्च्या यादीत चाळीस खोडून चौसष्ट केले.

बादशहा : म्या असतो तर आडवा पडलो असतो पेट्यांम्होरं.

अनंत : माहीत आहे मला.

बादशहा : कसली कांबळी हुती ती! नवीकोरी. जावळीकडची, मेढ्याकडची माणसं लिलावाची वाट बघाय लागली हुती. थंडीचं दिस.

अनंत : नको आठवण करून देऊस.

बादशहा : का नगो? कळलं कवा तुमाला हे?

अनंत : तुझ्या चौकशीच्या दिवशी. नव्या साहेबापुढं तू म्हणालास, 'साहेब, पेट्यांवर माजं नाव हाय, शोधा कुठं बी.' मी शेजारी उभा होतो, तुझं बोलणं इंग्रजीत सांगायला. त्या क्षणाला माझ्या डोळ्यापुढं ती ओळ आली.

बादशहा : साहेबानं तुमाला कायतरी इच्यारलं हुतं.

अनंत : याला लिहिता येतं का, असं विचारलं.

बादशहा : तुमी काय बोललासा? साहेब हसला, एवढं मला दिसलं.

अनंत : म्हटलं, पगाराच्या कागदावर अंगठा करतो.

बादशहा : आँ? व्हय, करत हुतो की. खोटं न्हवतं ते.

अनंत : खरंही नव्हतं. तुला दोन अक्षरं येतात, हे जगात मला एकट्याला ठाऊक होतं.

बादशहा : एका बोलाचं काम हुतं, अण्णा. 'चूक झाली.' बास. तुमास्नी काय फाशी देणार हुतं व्हय?

अनंत : नोकरी गेली असती. घरात वडील अंथरुणाला, दोन मुली... नको, कारणं नको सांगू. भ्यालो. सरळ सांगतो, भ्यालो. पक्क्या यादीत चाळीसच उतरवल्या. रोज म्हणायचो, उद्या सांगू. मग तुला आत टाकलं. मग म्हटलं, सुटला की सांगू. तू सुटलास, आणि मी साताऱ्याला बदली मागून घेतली.

बादशहा : तीन म्हैने. आन् म्या आत बसून म्हणायचो, अण्णा हाय भाईर, अण्णाला म्हाईत हाय आपण कसं हावो. कायतरी करत्याल. खरं सांगतो, नमाज चुकला असंल, पर हे म्हणायचं चुकलं न्हाई.

अनंत : बादशहा...

बादशहा : ऱ्हाऊ द्या. माजं सोडा. माजं म्या भोगलं, फिटलं. थांबा. जरा थांबा. चोरी झाली न्हाई म्हणताय.

अनंत : नाही झाली.

बादशहा : मग त्यो खरं बोलत हुता?

अनंत : हो.

बादशहा : त्यानं अम्माला लुगडं आणलं हुतं. दुसऱ्याच दिशी. म्या इच्यारलं, पैसं कुठलं? तर म्हणला, भाय, हमाल कमी पडलं, अण्णांनी मला बी पेट्या उचलाय लावलं, मजुरी दिली. आन् हप्त्यानं लिलावाला पेट्या निघंनात, तवा म्या त्येची मानगूट धरली. तुमच्या टेबलाम्होरं आणून उबा केला. इच्यारलं तुमाला.

अनंत : हो.

बादशहा : काय इच्यारलं?

अनंत : अल्लाबक्षला मजुरी दिली का, म्हणून.

बादशहा : आन् तुमी काय म्हणालासा? अम्मासमोर सांगा.

अनंत : म्हटलं, मला आठवत नाही.

बादशहा : तेवढंच न्हाई.

अनंत : म्हटलं, डेपोच्या माणसाच्या घरच्यांना मजुरीवर घेत नाहीत. तसा नियम नाही.

रहिमतबी : दिली हुती?

अनंत : माझ्या हातानं दिली, मावशी. धुरानं तोंड काळं झालं होतं त्याचं. हात धुऊन आला, मजुरी घेतली, म्हणाला, 'अण्णा, अम्माला लुगडं घेतो.' मी म्हटलं, घे.

बादशहा : तरी बी!

अनंत : चौकशी दुपारी आटोपली आणि संध्याकाळी तू त्याला घेऊन आलास. सकाळी आला असतास तर खरं बोललो असतो बघ, मला तोवर कळलंच नव्हतं. पण तेव्हा हो म्हटलं असतं, तर तू पुढचं विचारलं असतंस, कुठल्या पेट्या उचलल्यास, किती उचलल्यास. त्यानं सांगितलं असतं.

बादशहा : त्यो माज्याकडं बगत हुता. तुमाकडं न्हाई, माज्याकडं. 'भाय, अल्लाची शपत.' दोनदा म्हणला. आन् म्या थोबाडीत मारली. बारका न्हवता त्यो, पंचविशीचा गडी. चार माणसांत मारली. घराकडं आलो आन् म्हणलं, चोरा, ह्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू नगंस.

रहिमतबी : आन् माजं लुगडं न्हाणीच्या चुलीत घातलं ह्यानं. हिरवं हुतं. घडी सुदीक मोडली न्हवती म्या.

अनंत : मावशी, मला हे माहीत नव्हतं.

रहिमतबी : कसं असंल? तुमी साताऱ्याला. बादशा! इकडं बग. मेरा बच्चा सच बोला था ना?

बादशहा : हौ अम्मा.

रहिमतबी : आन् तू त्याच्यापायी आत बसलास?

बादशहा : व्हय.

रहिमतबी : मला का न्हाई बोललास?

बादशहा : काय बोलू? तुज्या म्होरं त्यो चोर ठरला असता.

रहिमतबी : तू चोर म्हणूनच हाकललास की त्याला!

बादशहा : घरात म्हणलो. गावात कुणाला म्हणलो न्हाई.

रहिमतबी : येडा हायस. बापासारखा येडा. भावासाठनं जेलात गेलास, आन् भावाचं ऐकून घ्याय तुला फुरसत झाली न्हाई. येक खरं बोलला, येक खोटं बोलला, आन् तू मारलंस ते खऱ्याला. का? तर ह्यो टेबलामागं बसला हुता म्हणून!

बादशहा : अम्मा, मला बी तसंच वाटाय लागलंय. काळीज फाटतंय माजं.

रहिमतबी : फाटू दे. आन् आवं अण्णा, तुमास्नी दोन पोरी म्हणालासा न्हाई?

अनंत : हो.

रहिमतबी : रोज जेवता त्यांच्या पंक्तीला?

अनंत : जेवतो.

रहिमतबी : जेवा बाबा. जेवा.

अनंत : मावशी, सव्वा वर्ष घास गोड लागला नाही, असं म्हणायला आलो होतो. पाठच केलं होतं गाडीत. पण ते खोटं आहे. लागला. झोप लागली, सणवार केले, थोरलीचं लग्नसुद्धा जमवलं. मधूनच आठवायचं, तेवढ्यापुरतं लागायचं, मग मी दुसऱ्या कामाला लागायचो. त्याचीच शरम वाटते आता. तुम्ही काय बोलाल ते कमीच आहे.

बादशहा : मग आजच का आलासा? ऱ्हायचं की तसंच.

अनंत : तो रकाना. 'चोरी' लिहायला टाक उचलला आणि तसाच खाली ठेवला. तोवर मी नुसता गप्प होतो, अशी माझी मीच समजूत घालत होतो. आता माझ्या अक्षरात तुला कायमचा चोर करायचं होतं. रात्री बायकोला सांगितलं. आमची विनोदिनी एका शब्दानं रागावली नाही. म्हणाली, 'मला काय सांगताय, मिरजेची गाडी धरा.'

बादशहा : भली बाई हाय.

अनंत : कागद लिहून आणलाय. वाचू? 'चांगल्या कांबळ्यांच्या चोवीस पेट्या कारकून अनंत रिसबूड याने वाचण्यात चूक करून टाकाऊ म्हणून जाळल्या. चूक कळल्यावर ती लपवली. चौकीदार बादशहा मुजावर याने चोरी केलेली नाही.' खाली माझी सही. आज टपालात टाकतो.

बादशहा : तुमची नोकरी?

अनंत : जाईल. खटलाही भरतील कदाचित.

बादशहा : मग खाणार काय?

अनंत : बघू. शिकवण्या करीन.

बादशहा : करा. निदान पोरास्नी अख्खी नावं शिकवा. अर्ध्यात सोडू नका.

रहिमतबी : अण्णा, त्या कागदात माज्या अल्लाबक्षचं काय हाय?

अनंत : त्याच्यावर सरकारी आरोप नव्हता, मावशी. ह्यानं त्याचं नाव कधी घेतलंच नाही. म्हणून कागदात त्याचं नाव कुठंच नाही.

बादशहा : मग आता घाला.

अनंत : पुण्याच्या कचेरीला त्याचा काय उपयोग...

बादशहा : पुण्याला नसू दे. मला हाय. लिवा. त्या दिशी अल्लाबक्षला जाळायच्या कामावर घेतलं हुतं, मजुरी दिली हुती. त्यो जे बोलला ते खरं हुतं. लिवा, अण्णा. आन् त्याची एक नक्कल मला द्या, तुमच्या सहीची.

अनंत : देतो. दऊत आहे का घरात?

बादशहा : पालिशीच्या बाटल्यांमागं बगा, मेव्हण्याची हाय. उबं ऱ्हाऊन लिवू नका, पाट घ्या.

अनंत : 'जे बोलला ते खरे होते.' झालं. आणि ही नक्कल.

बादशहा : द्या. पर नेऊ कुठं हे आता? सव्वा वर्सात त्याचा ठाव न्हाई. कोण म्हणतं ममईला गेला, कोण म्हणतं सोलापूरला.

रहिमतबी : हुबळीला हाय.

बादशहा : आँ?

रहिमतबी : हुबळीला. मालधक्क्यावर पोती उचलतो. स्टेशनामागं खोली हाय, हरणाबाई म्हणून कुणी म्हातारी हाय, तिच्या वट्यावरची. गाडीवरचा एक फायरमन निरोप आणतो मला.

बादशहा : अम्मा! आन् तू मला सांगितलं न्हाईस?

रहिमतबी : मांजराला सांगितलं हुतं. तुजं ध्यान न्हवतं.

अनंत : मग आत्ताच निघू या, बादशहा. दुपारची गाडी मिळेल. मी येतो. मीच सांगतो त्याला सगळं.

बादशहा : न्हाई. तुमी नगा.

अनंत : माझ्यामुळं झालं सगळं.

बादशहा : तुमचं तुमी सांगितलं. माजं मला सांगाय पायजे. थोबाडीत म्या मारली, अण्णा, तुमी न्हाई. तुमी खोटं बोललासा, त्याला आपल्या नोकरीची भीती तरी हुती. मला कशाची भीती हुती? रगताच्या भावापरीस मला कारकुनाचं बोलणं खरं वाटलं. ते तुमच्या कागदात कुठं लिवणार हाईसा?

रहिमतबी : भाकरी बांधते. चार त्याच्या, दोन तुज्या. वाटंत सगळ्या खाऊ नगंस.

बादशहा : अम्मा, सदरा दे खुंटीवरचा. अण्णा, येक सांगा मला. जायाच्या आदी इच्यारतो. असलं बोलाय दारात कसं यायचं असतं? तुमी कसं आलासा?

अनंत : काय सांगू! मागं दोनदा कामानं मिरजेत आलो. दोन्ही वेळा तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो आणि परत फिरलो. आजसुद्धा फिरलो असतो. पण दार उघडं होतं, तू पुढंच बसलेला, मला बघून तूच म्हणालास, 'या अण्णा.' त्यामुळं आत आलो.

बादशहा : मला बघून त्यो कशाला 'ये' म्हणतोय. दार लावून घेईल. लावून घेतलं तर काय करू?

रहिमतबी : मग भाईर बस. कामावर जायाला तरी उघडंलच की.